सौभद्र पुन्हा उभं करताना : प्रेक्षकांच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२४

रंगभूमी दिन. सांगलीत आजच्या दिवशी भावे नाट्यमंदिर आपल्याला मिळणं शक्यच नाही, तिथे गौरवपदकाचा सोहळा असतो. तालीम शाळेच्या हॉलमध्ये झाली, बाकं भिंतीला सारून. सुरू व्हायच्या आधी आमच्या दिग्दर्शिका ताईंनी एक नवी दोनशे पानी वही माझ्या हातात ठेवली. "पोथी धरतोसच, आता ही पण धर."

काम असं. 'संगीत सौभद्र'चे हाती असलेले सगळे प्रयोग संपेपर्यंत प्रेक्षक कुठे काय करतात ते लिहून ठेवायचं. मतं नकोत, घडलं तेवढं. (मतं येणारच. मी काय टेपरेकॉर्डर आहे?)

मी विंगेत असतो, पोथी हातात, नटाचा शब्द अडला की द्यायला. तिथून प्रेक्षक दिसत नाहीत, पण ऐकू छान येतात. दिसायची बाजू भाचीकडे दिली. ती अकरावीत आहे, शेवटच्या रांगेत बसेल, मोबाइलवर वेळ धरेल. खुणा ठरवल्या: ह म्हणजे हशा, टा टाळी, व वन्समोअर, खो खोकला, चु चुळबुळ. भाची म्हणाली, "मामा, झो पण ठेवूया." ठेवली.

हे सगळं कशासाठी, तर भांडण मिटवायला. किर्लोस्करांनी १८८२ साली हे नाटक पुण्यात आणलं तेव्हा त्यात शंभराहून जास्त पदं होती. साक्या, दिंड्या, कामदा, अंजनीगीतं, लावणीच्या चाली, काय वाट्टेल ते. लोक रात्र-रात्र बसत. आपल्याला साडेबाराच्या आत नाट्यगृह रिकामं करून किल्ली द्यायची असते. ताईंनी ३८ पदं ठेवली. त्यावर कुणाचं काही म्हणणं नाही. भांडण आहे ते ठेवलेल्या पदांच्या लांबीवर. ताई म्हणतात पद म्हणजे संवाद, मुखडा-अंतरा-मुखडा, पुढे चला. ऑर्गनवर बापू. ते म्हणतात, "मग लोक येतील कशाला? सुभद्रेला हवा अर्जुन, बलरामाला हवा दुर्योधन, मध्ये कृष्णाची लबाडी, ही गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे."

१२ नोव्हेंबर

तालमीत तेच. बापू म्हणाले, परंपरा आहे, तानेशिवाय नाट्यपद म्हणजे मीठ नसलेली आमटी. ताईंनी विचारलं, कुठली परंपरा? सुभद्रा गाजवली भाऊराव कोल्हटकरांनी. ते गेले १९०१ साली, आपल्याकडे ग्रामोफोनच्या तबकड्या निघायला लागल्या १९०२ पासून. त्यांचं गाणं ऐकलेला माणूस उरला नाही आणि यंत्रातही राहिलं नाही. आपल्याकडे उरलंय ते छापील पुस्तक, आणि प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात लिहिलेली चाल.

बापू काही बोलेनात. मग ताईंनी हळूच विचारलं, "तुमच्या घरी ती जुनी तबकडी होती ना, किती मिनिटांची होती?"

"तीन."

"मग?"

बापूंनी भात्यावरचा पाय काढला आणि चहा मागवला.

२४ नोव्हेंबर, सांगली

पहिला प्रयोग. काल विधानसभेचे निकाल. रस्त्यावर गुलाल, कोपऱ्यावर डीजे, आत 'पंचतुंड'. ही नांदी खरं तर 'शाकुंतला'ची, पण कुठल्याही संगीत नाटकाला तीच लागते, त्याशिवाय लोकांना नाटक सुरू झाल्यासारखं वाटत नाही. उदाचा वास बाल्कनीपर्यंत गेला. थिएटर दोन तृतीयांश भरलेलं, बहुतेक साठीच्या पुढचे. नांदीला पहिल्या दोन रांगा बारीक आवाजात सोबत गात होत्या.

नारदाचं 'राधाधर मधु मिलिंद' २ मिनिटं १० सेकंदांत संपलं. टाळी पडली, पण चुकून पडल्यासारखी. तिसऱ्या रांगेतून एक गृहस्थ चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "संपलं?" विंगेत मला ऐकू आलं. नारदालाही आलं असणार, कारण पुढच्या वाक्याला त्याच्या हातातली चिपळी उगाचच वाजली. बापूंनी ऑर्गनवरून ताईंकडे पाहिलं. ते पाहणं कुठल्याच खुणेत बसत नाही.

'प्रिये पहा' मात्र तीनदा मागितलं. आमच्या कृष्णानं दोनदा दिलं. हा मुलगा दिवसभर पाटबंधाऱ्याच्या साइटवर असतो, संध्याकाळी आवाज लावतो, त्याला कुणी मागितलं की नाही म्हणवत नाही. आता गंमत अशी की या पदात कृष्ण रुक्मिणीला सांगतोय, रात्र सरली, उषःकाल झाला. दुसऱ्या वन्समोअरला भाचीच्या पुढे बसलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलानं आजीला विचारलं, "आजी, सकाळ किती वेळा होणार?" आजूबाजूचे हसले. भाचीनं त्याला ह दिलाय. पुढे कंसात लिहिलंय: नाटकाला नाही.

प्रयोगानंतर डब्यात ४१ चिठ्ठ्या. बहुतेकांचा सूर 'पदं लहान वाटली' असा. एकीवर नुसतं 'घटोत्कचाला मिशा लहान'. हे खरं आहे.

२६ नोव्हेंबर

भाचीची वही आणि माझी वही शेजारी ठेवून बसलो. कृष्ण-रुक्मिणीचा प्रवेश बघा. ती रुसलेली, हा मनधरणी करतोय, आणि आपल्याला आधीपासून माहीत आहे की या सगळ्या गोंधळाचा कर्ता हाच. पदाआधी सहा ह. पदानंतर, म्हणजे तीन वेळा उजाडल्यानंतर, प्रवेश संपेपर्यंत एकही नाही. त्याच माणसाची, तेवढीच चांगली वाक्यं.

रुक्मिणीला फोन केला. ती म्हणाली, "अहो, मी दोनदा राग सोडला आणि दोनदा परत धरला. तिसऱ्यांदा मलाच हसू आलं. लोकांना कसं येणार?"

८ डिसेंबर, मिरज

बापूंनी हट्ट धरला. मिरज म्हणजे तंबोरे-सतारी करणाऱ्यांचं गाव, अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव. बालगंधर्वांनी १९०५ साली शकुंतला म्हणून पहिल्यांदा तोंडाला रंग लावला तो मिरजेतच. तिथे दोन मिनिटांचं पद द्यायला आपल्याला लाज वाटली पाहिजे. ताई म्हणाल्या, ठीक, एक प्रयोग तुमचा. (माझ्या मते त्यांनाही बघायचंच होतं.)

सुभद्रेनं 'वद जाऊ कुणाला शरण' नऊ मिनिटं गायलं. खरंच सुंदर गायली. ती शाळेत गाणं शिकवते, महिनाभर गरम पाण्याशिवाय काही पीत नव्हती. टाळी ४० सेकंद. मागच्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ मान खाली घालून मांडीवर ताल धरत होते, शेवटी डोळे पुसले. भाचीनं त्यांच्यासाठी नवी खूण केली: डो.

आणि पुढचा सगळा प्रवेश चु. बलराम आला, त्याची हुकमी वाक्यं जमिनीवर पडली. दुर्योधनाशी लग्न लावायचा त्याचा हेका इतका ठाम असतो की सांगलीत लोक त्याच्या प्रवेशालाच हसले होते. इथे एकजण उठून पाणी प्यायला गेला, त्याच्यामागे आणखी चार गेले. गाणं ऐकून झालं होतं, आता काय, असा हिशोब.

परत येताना गाडीत भाची म्हणाली, "मामा, त्या गाण्यात ती नक्की काय म्हणते? मला नुसतं श... र... ण ऐकू आलं."

बापू पुढच्या सीटवर होते. झोपले नव्हते.

१५ डिसेंबर

तालमीला भाची आली, तर ताईंनी तिच्या हातात पुस्तक दिलं. म्हणाल्या, पद वाच, गाऊ नको. तिनं वाचलं. मी कुणाला शरण जाऊ, गं सखये, जो संकट हरण करील त्याचे पाय धरीन. मग पुढची ओळ: 'बहु आप्त बंधु बांधवां प्रार्थिले कथुनि दुःख मनींचे, तें विफल होय साचे.'

ती थांबली. "म्हणजे हिनं सगळ्यांना सांगून बघितलंय? आणि कुणी ऐकलं नाही?"

"हो."

"हे गाण्यात आहे होय! मी हे गाणं गणपतीत दर वर्षी ऐकते."

मी पंधरा वर्षं पोथी धरतोय. सुभद्रेचा शब्द अडला तर पुढचा मी देतो. ही ओळ माझ्या तोंडून शंभरदा गेली असेल, पण ती तक्रार आहे हे मला कधी जाणवलं नव्हतं. माझ्या लेखी ती अंतऱ्याची सुरुवात.

ठरलं ते असं: अंतऱ्याचे शब्द पहिल्यांदा सरळ जातील, गळ्याची एकही हरकत नाही, तबला नुसता ठेका. सजवायचं असेल ते शब्द पोचल्यावर, मुखड्यावर परत येताना, आणि तेही एका आवर्तनात. बापू म्हणाले, "बघू." बापूंचं बघू म्हणजे नाही असतं, पण या वेळी त्यांनी पेन्सिल काढली.

२२ डिसेंबर, कोल्हापूर

केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्टच्या रात्री जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच रात्री. शाहू महाराजांनी बांधलेलं थिएटर. आम्हाला दुसरीकडे जागा मिळाली. तिथली ध्वनिव्यवस्था शिट्टी मारत होती. पहिल्या अंकातल्या अर्ध्या खुणा त्या शिट्टीच्या आहेत, त्या धरत नाही. मध्यंतरात एक आजोबा विंगेपाशी आले, म्हणाले, "तिकडं असता तर माइक लागलाच नसता." मग उगाच थोडा वेळ उभे राहिले. काय बोलायचं ते सुचेना, मी त्यांना चहा दिला.

दुसऱ्या अंकापासून नोंदी नीट. 'वद जाऊ' चार मिनिटांत. 'विफल होय साचे'वर थिएटर गप्प झालं. टाळी नाही, खोकला नाही. विंगेतून शांतता ऐकू येते म्हटलं तर लोक हसतील, पण येते, पंखा एकदम मोठा वाटायला लागतो. पद संपलं आणि उजवीकडून दोघे 'वन्समोअर' ओरडले. त्यावर मधल्या रांगेतल्या एक बाई मागे वळून म्हणाल्या, "अहो थांबा की वाईच, ती रडालीया!"

ताई आनंदानं माझा दंड इतका जोरात दाबत होत्या की हातातली पोथी खाली पडली.

बलरामाची गोष्ट लिहायलाच हवी. तो एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर, आवाज दणदणीत, प्रेक्षक हातात आले की पदरचं वाक्य टाकायची खोड. अर्जुन त्रिदंडी संन्याशाचं सोंग घेऊन बसलाय, बलराम त्याला खरा यती समजून भारावलाय आणि सुभद्रेला त्याच्या सेवेला नेमतो. किर्लोस्करांनी सगळं करून ठेवलंय, नटानं नुसतं भक्तिभावानं बघायचं. आज यानं हात जोडून मध्येच घातलं, "महाराज, आपलं एखादं चॅनेल आहे का?" छप्पर उडालं. १८ सेकंद हशा. पण त्या १८ सेकंदांत अर्जुनाची पुढची दोन वाक्यं वाहून गेली, आणि त्या दुसऱ्या वाक्यावर सांगलीत यापेक्षा मोठा हशा होता. ताईंनी मध्यंतरात त्याला बाजूला घेतलं. तो म्हणाला, "पण हसले की!" वादाचा मुद्दा आहे. माझी नोंद अशी की सांगलीत अर्जुनाच्या वाक्याला हसले तेव्हा बलरामाला हसले, इथे हसले ते मोबाइलला.

घटोत्कचाच्या मिशा वाढवल्या. दोन ह जास्त.

५ जानेवारी २०२५, बेळगाव

अण्णासाहेब किर्लोस्कर इथल्या महसूल कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते. गुर्लहोसूर, त्यांचं गाव, याच जिल्ह्यातलं. त्यामुळे आम्ही उगाचच माहेरी आल्यासारखे वागत होतो.

आज एक गोष्ट झाली ती कुठल्या खुणेत घालावी कळत नाही. 'सौभद्रा'च्या बऱ्याच चाली कानडी मुलखातल्या, हे पुस्तकात वाचलेलं होतं. पुस्तकात वाचलेलं माणूस विसरतो. एका साकीनंतरच्या छोट्या पदाला, ज्याला आजवर कुणी ढुंकून पाहिलेलं नाही आणि जे ताई दोनदा कापायला निघाल्या होत्या, डावीकडच्या चौथ्या रांगेतल्या एक आजी गायला लागल्या. मराठी नाही, कानडी. डोळे मिटून, देवापुढे म्हणतात तशा. शेजारची सून त्यांना कोपरानं ढोसत होती. आमची कुसुमावती रंगमंचावरून ते ऐकून एक ओळ चुकली. मी शब्द दिला, तो तिला ऐकू गेला नाही, तिनं मान हलवून वेळ मारून नेली.

बापूंनी पद संपल्यावर ऑर्गन थांबवलाच नाही. आजींची ओळ पुरी होईपर्यंत सूर धरून ठेवला. मग पुढच्या वाक्याला वाट दिली.

नंतर भेटायला गेलो तर त्या म्हणाल्या, हे आमच्या घरी आई म्हणायची, तुम्ही कुठून घेतलं? काय सांगणार. माहेरी आल्यासारखं वागत होतो ते जरा अंगाशी आलं.

पद राहणार. ३८ची ३८.

१९ जानेवारी

इचलकरंजीचा प्रयोग रद्द. सुभद्रेचा घसा. तिकिटांचे पैसे परत करण्यात दिवस गेला.

८ फेब्रुवारी, फोंडा तालुका, गोवा

देवळाची जत्रा. पालखी, दिवजां, फोव-चणे, आणि मांडवात रात्री अकराला 'सौभद्र'. इथे साडेबाराची किल्ली नाही. यजमानांनी आधीच सांगितलं, "घाई करू नाकात."

आमचे सगळे नियम इथे कोलमडले, आणि मला त्याचं दुःख नाही. नारदाच्या पहिल्याच पदाला मागून आरोळी: "आनीक एक फावट!" दिलं. परत आरोळी. एकजण उठून आला आणि नारदाच्या वीणेत शंभराची नोट खोचून गेला. 'वद जाऊ' सुभद्रेनं अकरा मिनिटं गायलं, घसा बरा झाल्याची साक्ष काढल्यासारखं. मी विंगेत कपाळाला हात लावून बसलो: आता बलराम मेला.

बलराम मेला नाही. तो आला आणि पहिल्या वाक्याला हशा. दुसऱ्याला हशा. पदरचं वाक्य त्यानं घातलंच नाही, गरज पडली नाही. संन्याशी बसल्यापासून तर पुढच्या चटईवरची पोरं आधीच खिदळायला लागली होती, वाक्य यायच्या आधी.

मिरजेला नऊ मिनिटांनी नाटक बसलं, इथे अकरा मिनिटांनी ते उभं कसं राहिलं? भाची परीक्षेमुळे आलेली नाही, त्यामुळे मध्ये एका प्रवेशात मी स्वतः मांडवाच्या मागे जाऊन उभा राहिलो (पोथी ताईंकडे). बघितलं तर काय, शेजारच्या बाई प्रत्येक ओळ ओठांनी म्हणत होत्या. नवरा पण. त्यांच्या मांडीवर झोपलेलं पोर सोडलं तर सगळे. इथे तानेत शब्द बुडायचा प्रश्नच नाही, तो त्यांच्या तोंडात आहे. गाणारा कुठे फिरून येतो ते ते बघतात, शब्द घरी ठेवून निघालेला असतो, परत येईल तेव्हा दार उघडं आहे. आमच्याकडे तिकीट काढून आलेल्या तिशीतल्या माणसाला तो शब्द पहिल्यांदाच भेटतोय, आणि आम्ही ओळख करून द्यायच्या आधीच त्याला फिरायला नेतो.

'प्रिये पहा' लागलं तेव्हा घड्याळात पावणेतीन. सकाळचा राग देसकार, गार वारा, लांब कुठेतरी कोंबडा खरोखरच आरवला. लोक इतके हसले की कृष्णानं पद थांबवून कोंबड्याच्या दिशेनं नमस्कार केला. हे पदरचंच, पण ताई काही बोलल्या नाहीत. चार वन्समोअर. रुक्मिणी चारही वेळा रुसली, आणि चौथ्यांदा जास्तच रुसली, त्यालाही टाळी.

पहाटे साडेचारला तोंडाचा रंग उतरवताना बापू म्हणाले, "बघितलंस?"

मी म्हटलं, "बघितलं. पण बापू, यांना शब्द पाठ आहेत."

ते बराच वेळ खोबरेल तेलाच्या बाटलीचं झाकण शोधत राहिले.

१६ फेब्रुवारी

सांगलीत परत, तालीम. पुढचा प्रयोग २ मार्च, सकाळी अकराचा, कॉलेजच्या मुलांसाठी. ऑर्गनचा एक स्वर सर्दी झाल्यासारखा वाजतोय, मिरजेला दाखवून आणायचा. वीणेतली शंभराची नोट नारदानं अजून काढलेली नाही.

बापू लघुशंकेला गेले होते तेव्हा त्यांच्या चोपडीतून वेळा उतरवून घ्यायच्या म्हणून ती उघडली. पेन्सिलीनं ठिकठिकाणी काय काय लिहिलंय. 'नच सुंदरी'पाशी: 'इथे तान नको. पुढे हशा आहे.' 'वद जाऊ'पाशी 'विफल'खाली दोन रेघा. बेळगावच्या त्या छोट्या पदापाशी एक कानडी ओळ, देवनागरीत, दोनदा खोडून तिसऱ्यांदा नीट लिहिलेली. मोबाइलवर कुणाला तरी विचारून घेतली असावी.

आणि 'प्रिये पहा'च्या पानावर, गडद: 'दोन वन्समोअर राखीव. ताईंना सांगू नये.'

सांगितलं नाही. २ मार्चला सकाळी अकराला उषःकाल किती वेळा होतो ते भाची मोजणार आहे.